नागीण, कांजिण्या आणि एकवीस दिवसांचा हिशेब

गेल्या वर्षी माघापासून चैत्रापर्यंत एकाच विषाणूने आमच्या घरातल्या तीन माणसांना तीन निरनिराळ्या रूपांत गाठले. सासूबाईंना नागीण झाली, त्यांच्याकडून माझ्या पतींना कांजिण्या झाल्या आणि पतींकडून धाकट्या मुलाला, पण त्याला लस मिळालेली असल्यामुळे जेमतेम चाहूल लागण्याइतक्याच. कांजिण्या हा लहान मुलांचा किरकोळ आजार आहे, तो एकदा होऊन गेलेला बरा, असे मीही लहानपणापासून ऐकत आले होते. मोठ्या माणसाला, गरोदर बाईला किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाला तो किती जड जाऊ शकतो आणि त्यांना त्यापासून दूर ठेवायचे तर घरातल्या माणसांनी नेमके काय काय मोजायचे असते, हे त्या अडीच-तीन महिन्यांत कळले. आम्ही डोंबिवलीत दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहतो. पुस्तकात लिहितात तसे ‘रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवावे’ हे वाक्य आमच्याकडे किती ताणून अमलात आणावे लागते, हे त्यावरून समजेल.

सुरुवात सासूबाईंच्या पाठदुखीने झाली. उजव्या खांद्याच्या पात्याखालून बरगडीच्या कडेने छातीकडे येणारी एक पट्टी आतून भाजल्यासारखी जळते आहे, असे त्या सांगत होत्या. पदराचा काठ तिथे टेकला तरी त्यांना सहन होत नव्हते, मात्र कातडीवर काहीही दिसत नव्हते. त्यांचे वय सत्तरीच्या जवळ, त्यात मधुमेह, शिवाय आदल्याच आठवड्यात त्यांनी माळ्यावरचे डबे काढले होते, तेव्हा पाठ लचकली असावी असे सगळ्यांनी धरले आणि बाम, शेकाची पिशवी असे उपाय चालू झाले. तीन-चार दिवसांनी त्याच पट्टीवर लाल चट्टे आणि त्यांवर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस उठले. शेजारच्या आजींनी दारातूनच पाहून सांगितले, “अगं, ही नागीण आहे.” त्यांचे निदान अचूक होते. त्यापुढचा सल्ला मात्र असा होता की, त्यांच्या गावाकडे नागीण उतरवणारा एक माणूस आहे, तो भोवताली गेरूचा लेप देऊन ती बांधतो, आणि नागिणीचे तोंड व शेपूट एकमेकांना मिळाले तर माणूस दगावतो, म्हणून उशीर करू नका.

उशीर करू नका, हे आमच्या डॉक्टरीणबाईंनीही सांगितले, परंतु त्यांचे कारण निराळे होते. नागिणीवरच्या विषाणुरोधक गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत चालू झाल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो. त्यांनी व्हॅलासायक्लोव्हिर या औषधाची मात्रा सात दिवसांसाठी लिहून दिली आणि मूत्रपिंडाचे काम ठीक असल्याचा आधीचा अहवाल पाहूनच ती ठरवली. मग त्यांनी कागदावर पाठीचा कणा काढून समजावले. लहानपणी कांजिण्या बऱ्या होतात तेव्हा त्यांचा विषाणू शरीरातून निघून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती उणावली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. त्या मज्जातंतूचा प्रदेश शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून नागिणीचा पट्टा सहसा मध्यरेषेपाशी थांबतो आणि तोंड-शेपूट मिळण्याची वेळच येत नाही. आजींच्या भीतीत काहीच तथ्य नाही असेही त्या म्हणाल्या नाहीत. पुरळ एका पट्ट्यात न राहता अंगभर पसरले तर रोग्याची प्रतिकारशक्ती फारच खालावली आहे, असे समजून तातडीने रुग्णालयात जायचे असते, आणि पुरळ कपाळावर, डोळ्याच्या आसपास किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवायचे असते, कारण दृष्टीला धोका संभवतो.

निघताना त्यांनी जे विचारले त्याची आम्हाला अपेक्षा नव्हती. घरात कोणाकोणाला कांजिण्या होऊन गेल्या आहेत? नागीण ही नागीण म्हणून दुसऱ्याला लागत नाही, पण ज्याला कांजिण्या कधी झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही, त्याला नागिणीच्या फोडांतल्या पाण्यामुळे कांजिण्या होऊ शकतात. माझे उत्तर सोपे होते. रत्नागिरीजवळच्या आजोळी मला त्या झाल्या होत्या आणि भुवईच्या वर त्याचा वण अजून आहे. थोरल्या मुलीचे लसीचे दोन्ही डोस झाले होते. धाकट्याचा पहिला डोस वेळेवर झाला, दुसऱ्याची वेळ २०२० च्या टाळेबंदीत आली आणि तो राहून गेला होता. पतींबद्दल सासूबाईंनी ठामपणे सांगितले, “त्याला झाल्यात की, पाचवीत असताना. परीक्षा बुडाली होती त्याची.” स्वतःबद्दल त्यांनी दंडावरचा मोठा गोल वण दाखवून सांगितले की, मला तर टोचलेले आहे. तो वण देवीच्या लसीचा. देवी हा पूर्णपणे वेगळ्या विषाणूचा रोग, भारतातला त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून संपल्याचे जाहीर केले. देवीची लस कांजिण्यांपासून किंवा नागिणीपासून वाचवत नाही. त्या पिढीतली पुष्कळ माणसे दंडावरच्या या वणावर फार मोठा भरवसा ठेवून असतात, हे मला नंतर इतरांशी बोलताना जाणवले.

फोड सैलसर सुती कापडाने झाकायचे, त्यांवर लोशन लावणाऱ्याने हात साबणाने धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा, एवढे पथ्य पाळायचे होते. पाठीवर लोशन लावायचे काम पतींनी स्वतःकडे घेतले, कारण त्यांना पाचवीत कांजिण्या होऊन गेल्या होत्या अशी सगळ्यांची समजूत होती.

दोन आठवडे उलटून गेल्यावर एका सोमवारी संध्याकाळी ते लोकलमधून उतरून घरी आले ते कसकस घेऊनच. कंबर मोडून आल्यासारखी वाटत होती आणि डोके जड होते. मंगळवारी सकाळी दाढी करताना त्यांना कानामागे आणि मानेवर दोन-तीन लाल ठिपके दिसले. दुपारपर्यंत छाती आणि पाठ भरली. मी मोबाइलचा दिवा लावून जवळून पाहिले. लालसर, किंचित सुजलेल्या बुडावर पाण्याचा स्वच्छ, पातळ कातडीचा थेंब ठेवलेला असावा, असा प्रत्येक फोड होता. गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू, असे त्याचे वर्णन वैद्यकाच्या पुस्तकांत असते, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वर्णन सुंदर आहे, पण ज्याच्या अंगावर असे शेकडो दवबिंदू असतात त्याला ते ऐकवू नये. दुसरी खूण त्यांनी दाखवली ती अधिक उपयोगाची आहे. एकाच जागी, हातभर अंतरात, नुसता लाल ठिपका, पाण्याचा फोड, गढूळ झालेला फोड आणि वाळू लागलेली खपली अशा सगळ्या अवस्था एकाच वेळी दिसतात, कारण फोडांचे पीक काही दिवस टप्प्याटप्प्याने उठत राहते. पुरळ छाती-पाठीवर दाट आणि हातापायांवर विरळ असते. सासूबाईंना आता आठवले की, पाचवीतला तो मुलगा म्हणजे थोरला नसून धाकटा होता. दोन मुलांच्या आईची पस्तीस वर्षांपूर्वीची आठवण हा वैद्यकीय पुरावा मानू नये, एवढे आम्ही त्यावरून शिकलो. अशा वेळी खात्री करायची तर रक्तातील प्रतिपिंडांची, म्हणजे आयजीजीची चाचणी करून घेता येते.

प्रौढ माणसाला कांजिण्या मुलांपेक्षा जोरात होतात आणि न्यूमोनियासारखी गुंतागुंत होण्याचा संभव त्यांच्यात अधिक असतो. म्हणून, बारा वर्षांखालच्या निरोगी मुलाला जे औषध बहुधा देत नाहीत, ते मोठ्यांना देतात. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस, आणि पुरळ उठल्यापासून पहिल्या २४ तासांत सुरू केले तर उत्तम. मंगळवारी दुपारीच आम्ही दवाखाना गाठला होता, तोही आधी फोन करून, जेणेकरून प्रतीक्षागृहात इतर रोग्यांमध्ये न बसता त्यांना थेट मागच्या दाराने आत घेता आले. हा फोन करावा, हे मी आता प्रत्येकाला सांगते. कांजिण्यांचा विषाणू हवेतूनही पसरतो, आणि बालरोगतज्ज्ञाच्या किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाच्या बाकावर शेजारी कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसते. पाच वेळांच्या गोळ्यांसाठी सकाळी सहापासून दर चार तासांनी गजर लावला आणि हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडत असल्यामुळे पाणी भरपूर प्यायचे, हे त्यांना बजावत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या औषधांपेक्षा त्यांनी घेऊ नका म्हणून सांगितलेल्या औषधांची यादी मला जास्त मोलाची वाटली. तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यायचे. ॲस्पिरिन मुळीच नाही, कारण कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांना ते दिल्यास यकृत आणि मेंदूवर परिणाम करणारा राय सिंड्रोम हा विरळा पण गंभीर विकार होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळायचे, कारण त्याच्या वापराचा कांजिण्यांतल्या फोडांमध्ये होणाऱ्या गंभीर जिवाणू संसर्गाशी संबंध दिसून आला आहे. आमच्या औषधांच्या डब्यात डोकेदुखी-अंगदुखीच्या ज्या गोळ्या होत्या, त्यांतल्या दोन पट्ट्यांवर पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेनही असल्याचे बारीक अक्षरांत छापलेले होते. आधीच्या कुठल्याशा आजारातल्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या असल्या तर खाज थांबवण्यासाठी त्या कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, हेही त्यांनी बजावले. अँटिबायोटिक दिले नाही, कारण विषाणूवर ते चालत नाही. पुढे मानेवरचा एक फोड कॉलरने घासून चिघळला, भोवती लाल, गरम सूज आली, तेव्हा मात्र त्यांनी ते दिले. तो संसर्ग जिवाणूंचा होता.

त्याच दिवशी खरी धावपळ निराळ्याच कारणासाठी झाली. आदल्या रविवारी धाकटे दीर आणि जाऊ ठाण्याहून जेवायला आले होते. जावेला पाचवा महिना होता आणि डोहाळजेवण कधी करायचे ते ठरवायला सगळे चार तास एका खोलीत बसले होते. अंगावर पुरळ उठण्याच्या एक ते दोन दिवस आधीपासून कांजिण्यांचा रोगी इतरांना लागण देऊ शकतो, हे डॉक्टरीणबाई बोलल्या तेव्हा माझ्या मनाने मंगळवारवरून मागे दोन दिवस मोजले आणि पोटात गोळा आला. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनिया होण्याची भीती असते. पहिल्या वीस आठवड्यांत त्या झाल्या तर थोड्या प्रमाणात का होईना, गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो, आणि प्रसूतीच्या आगेमागे झाल्या तर नवजात बाळाला तो आजार फार भारी पडू शकतो. लस जिवंत, दुर्बल केलेल्या विषाणूची असल्याने ती गरोदर बाईला देता येत नाही. संसर्गाची शक्यता असेल आणि तिच्याकडे प्रतिकारशक्ती नसेल तर दहा दिवसांच्या आत विशिष्ट प्रतिपिंडांचे इंजेक्शन देण्याचा विचार करतात. तो वेळ हातात राहावा म्हणून लगेच कळवणे भाग होते.

फोन करताना माझा आवाज कापत होता. जाऊ मात्र शांत होती. “वहिनी, मला चौथीत झाल्यात. आईकडे फोटोसुद्धा असेल,” ती म्हणाली. तासाभरापूर्वी अशाच एका आठवणीचा आम्ही अनुभव घेतलेला असल्यामुळे मी आग्रह धरला आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीही आयजीजी चाचणीच सुचवली. दुसऱ्या दिवशी अहवाल आला. प्रतिपिंडे होती. तिला काही करावे लागले नाही, फक्त आमच्याकडचे सगळे बरे होईपर्यंत तिने यायचे नाही असे ठरले आणि डोहाळजेवण पुढे ढकलले.

त्यानंतर मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर पेन्सिलीने हिशेब मांडला. संसर्ग झाल्यापासून कांजिण्या दिसायला १० ते २१ दिवस लागतात, म्हणून पतींना पुरळ उठण्याच्या दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंतचा काळ ठळक केला आणि त्यापुढे एकवीस दिवसांवर शेवटची रेघ मारली. या दोन रेघांमध्ये कोण कोण आले-गेले, त्यांची यादी केली. ऑफिसला कळवले. पतींच्या शेजारी बसणारी एक सहकारी केमोथेरपी संपवून नुकतीच रुजू झाली होती. तिला हे वेळेत समजणे फार गरजेचे होते आणि तिने त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन केला. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींना स्वतःला कांजिण्या होऊन गेल्या होत्या, परंतु त्यांच्या घरात सुनेचे काही महिन्यांचे बाळ होते, म्हणून त्यांना पगारी सुट्टी दिली. सोसायटीच्या गटावर कळवावे की नाही यावर घरात वाद झाला. पतींना ते अपमानास्पद वाटत होते, मला ते कर्तव्य वाटत होते. शेवटी नाव-मजला देऊन दोन ओळी लिहिल्या आणि त्याचा परिणाम असा झाला की, चौथ्या मजल्यावरच्या एका गरोदर मुलीने आपणहून चौकशी केली. लोक टाळतील ही भीती फारशी खरी ठरली नाही. उलट दारात नारळाच्या पिशव्या येऊन पडू लागल्या.

आतली शयनखोली आणि तिला जोडलेले न्हाणीघर पतींना दिले. मुली-मुलासह मी दिवाणखान्यात आणि सासूबाई त्यांच्या खोलीत. त्यांना पतींपासून धोका नव्हता, विषाणू आधीच त्यांच्या अंगात होता. दार बंद, खिडक्या सताड उघड्या, पंखा खिडकीकडे तोंड करून. ताट दाराशी ठेवायचे आणि मीच आत जायचे. चादरी-टॉवेल गरम पाण्यात धुऊन गच्चीवर कडक उन्हात. या सगळ्याने मुलगा वाचेल, असा डॉक्टरांनीही दावा केला नाही, कारण घरात एकत्र राहणाऱ्या आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दहांपैकी नऊ जणांना लागण होते, इतका हा विषाणू चपळ आहे. शिवाय पुरळ दिसण्याआधीचे दोन दिवस तर हातातून गेलेलेच होते. त्या दोन दिवसांवर एकच उपाय चालतो, तो लसीचा, आणि तो अजून काही अंशी आमच्या हातात होता.

दुसऱ्याच दिवशी मुलाला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. संसर्गानंतर तीन दिवसांच्या आत, फार तर पाच दिवसांपर्यंत, लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. त्यांनी त्याचा राहिलेला दुसरा डोस दिला. कार्ड भरता भरता त्यांनी मुलाला सांगितले की, ही लस जपानमध्ये ताकाहाशी नावाच्या डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात तयार केली, त्यांच्या स्वतःच्या लहान मुलाला कांजिण्यांनी फार त्रास दिला होता म्हणून, आणि तिच्यातला विषाणू ओका आडनावाच्या एका मुलाच्या फोडातून घेतलेला आहे. आपल्या दंडात ओकाचा विषाणू आहे, ही गोष्ट त्याने पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगितली. भारतात ही लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही. ती खासगी दवाखान्यात, पहिला डोस पंधराव्या महिन्यापासून आणि पुढे दुसरा, अशी पदरचे पैसे खर्चून घ्यावी लागते. त्यामुळे फुकट मिळणाऱ्या लसी झाल्या की कार्ड पूर्ण झाले, असे समजणारी घरे पुष्कळ आहेत.

पतींचे पहिले पाच दिवस अवघड गेले. ताप १०२ च्या आसपास, घशात आणि टाळूवर फोड, गिळताना डोळ्यांत पाणी. सासूबाईंच्या मते घरात ‘बाया’ आल्या होत्या, त्यामुळे फोडणी करायची नाही, तेलकट नाही, सामिष तर नाहीच, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, आणि खपल्या पडेपर्यंत आंघोळ नाही. माहीमच्या शीतलादेवीला नारळ बोललेला होताच. मी यातले बहुतेक सगळे मान्य केले. तोंडात फोड असलेल्या माणसाला बिनफोडणीचे वरण, मऊ भात, तांदळाची पेज, गार ताक हेच खावेसे वाटते. दारावरचा डहाळा पाहून येणारा-जाणारा बाहेर थांबतो, म्हणजे तो एक सूचनाफलकच आहे. फक्त आंघोळ न करण्याचे मी ऐकले नाही. घाम आणि मळ साचलेल्या कातडीवर खाजवले की जिवाणूंना वाट मिळते. डॉक्टरांनी रोज कोमट पाण्याने, न घासता, अंगावर पाणी ओतून आंघोळ करायला आणि टॉवेलने टिपून घ्यायला सांगितले होते. सासूबाईंचा मान राखून त्या पाण्यात चार कडुलिंबाची पाने टाकली आणि वाद मिटला.

खाज हा या आजाराचा सगळ्यात वाईट भाग. ताप उतरल्यावर ती वाढली आणि रात्री तिने कहर केला. नखे मुळापर्यंत कापून कानशीने घासली, कॅलामाइन लोशन दिवसातून तीन-चार वेळा कापसाने टिपले, पण तोंडात आणि डोळ्यांजवळ लावले नाही, आणि झोपताना सेटिरिझिनची गोळी. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो गारव्याचा. मऊ सुती सदरा, भिजवून पिळलेला पंचा आणि पंखा. उकाड्याने आणि घामाने खाज दुपटीने वाढते, हे त्यांनी स्वतः पडताळून पाहिले. मी दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता, त्यावर डॉक्टरांनी सांगितलेली धोक्याची लक्षणे होती: धाप किंवा छातीत दुखून येणारा खोकला, न थांबणारी उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ, मान आखडणे, चालताना तोल जाणे, एखाद्या फोडाभोवती पसरणारी तांबूस गरम सूज, आणि उतरलेला ताप पुन्हा चढणे. शेवटचे लक्षण मला आधी माहीत नव्हते. चार दिवसांपलीकडे टिकलेला किंवा उतरून पुन्हा आलेला ताप हा गुंतागुंतीचा इशारा असतो. रोज सकाळ-संध्याकाळ ताप आणि बोटाला लावायच्या यंत्रावरचे प्राणवायूचे प्रमाण मी त्याच कागदावर लिहीत गेले. करोनाच्या काळात घेतलेले ते यंत्र ड्रॉवरमध्ये पडून होते, त्याचा असा उपयोग झाला.

आठवडा संपता संपता नवे फोड उठायचे थांबले आणि मग सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या. इथे शेजारीपाजारी आणि मुलांच्या शाळेतही एकच समज आढळला की, खपल्या पडतात तेव्हा रोग पसरतो. देवीच्या बाबतीत ते खरे होते, खपलीतही जिवंत विषाणू असायचा. कांजिण्यांत वाळलेली खपली निरुपद्रवी असते, शेवटच्या फोडावर खपली धरली की माणूस कामावर जाऊ शकतो. खपल्या गळून पडायला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात आणि त्या नखाने काढल्या तर वण राहतात. पतींच्या गालावर एक राहिलाच.

मुलाच्या पोटावर ठिपके दिसले ते पेन्सिलीच्या दोन रेघांच्या मधोमध, अगदी हिशेबाला धरून. ताप नव्हता, भूक शाबूत होती, आणि ठिपके मोजून पाहिले तर डझन-दोन डझन. त्यांतल्या निम्म्यांत पाणीही भरले नाही. लस घेतलेल्यांना होणाऱ्या कांजिण्या अशाच असतात, पन्नासांहून कमी पुरळ आणि तेही अर्धवट. नुकत्याच दिलेल्या लसीमुळेही क्वचित असे ठिपके येतात, तेव्हा हे नेमके कशामुळे, असे मी विचारले. डॉक्टर म्हणाले की, वागणूक दोन्हीत सारखीच ठेवायची, त्यामुळे शोध घेण्यात अर्थ नाही. सौम्य असला तरी तो इतरांना लागण देऊ शकत होता. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली, आणि शाळेतून ‘ताप नाही ना, मग पाठवा’ असा निरोप आला. मी पाठवले नाही. वर्गात ज्यांची लस झालेली नाही अशी मुले असणार, आणि त्यांच्या घरांत कोण असेल ते सांगता येत नाही. वर्गशिक्षिकेला दोन पेपर नंतर घेण्याची विनंती करणारे पत्र आणि डॉक्टरांचा दाखला दिला, तो मान्य झाला. थोरलीला काहीही झाले नाही. एकाच घरात, एकाच हवेत, दोन डोस झालेल्या आणि एक डोस झालेल्या भावंडांमधला फरक असा समोरासमोर पाहायला मिळाला.

सगळ्यात शेवटपर्यंत भोगले ते सासूबाईंनी. त्यांचे फोड तीन-चार आठवड्यांत सुकले, पण त्या जागेची जळजळ वैशाख संपला तरी पुरती गेली नव्हती. नागिणीनंतर मज्जातंतू दुखावल्यामुळे राहणारी ही वेदना साठीच्या पुढे जास्त दिसते आणि साध्या वेदनाशामकाने ती हटत नाही. त्यासाठी प्रीगॅबालिन हे वेगळ्या जातीचे औषध थोड्या मात्रेपासून चालू केले. त्यामुळे चक्कर येऊन त्या पडू नयेत म्हणून रात्री उठताना दिवा लावायचा, आधी काठावर बसायचे, असे नियम करावे लागले. एकदा नागीण झाली म्हणजे पुन्हा होत नाही असे नाही. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो आणि तिचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यायचे असतात. किंमत खिशाला चांगलीच जाणवते. दुखणे पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, आम्ही त्यांना पहिला डोस दिला. दंड दोन दिवस ठणकला तेव्हा जुन्या वणाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “देवीच्या वेळी तर आठवडाभर हात वर होत नव्हता.”

जावेला आषाढात मुलगी झाली. तिच्या लसीकरणाच्या कार्डावर पंधराव्या महिन्याची तारीख दिरांनी पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून लिहून घेतली आहे, आणि दुसऱ्या डोसची तारीख तिच्या खालच्या ओळीत.